रस्त्यावर उतरल्यावर नेमका कशाचा फोटो काढायचा?

रस्त्यावर फोटो काढायला लागलो त्या पहिल्या वर्षाचं एक फोल्डर मी अजून जपून ठेवलंय. साधारण चारशे फोटो आहेत त्यात, आणि त्यातल्या निदान तीनशे फोटोंत लोकांच्या पाठी आहेत. पाठमोरी माणसं चालतायत, पाठमोरी माणसं थांबलीयत, एका फोटोत तर एक पाठमोरा माणूस दुसऱ्या पाठमोऱ्या माणसाच्या मागे उभा आहे. तेव्हा मला वाटायचं की आपण फार अलिप्तपणे, कलात्मक वगैरे बघतोय. खरं सांगायचं तर समोरून फोटो काढायला माझी टरकली होती आणि काय काढायचं हे ठरवलेलंच नव्हतं, मग जे सोपं, जे मागे वळून बघणार नाही, ते काढत सुटलो होतो.

नवीन लोक विचारतात की रस्त्यावर काही घडतच नाही, मग काढू काय. माझा अनुभव उलटा आहे. सगळंच घडत असतं, एकाच वेळी, आणि डोळ्यांना ते चालतं पण फ्रेममध्ये त्याचा नुसता गोंधळ होतो. म्हणून खाली जे लिहिलंय त्यात काय सोडायचं याला जास्त जागा दिलीय. हे ठरवायचं काम तीनदा करावं लागतं, घरातून निघताना, बटण दाबताना आणि फोटो जुने झाल्यावर. बहुतेक जण सगळा जोर मधल्या वेळेला लावतात, जिथे हातात जेमतेम एक सेकंद असतो.

निघायच्या आधी एकच गोष्ट ठरवा

एकच. आणि ती अशी पाहिजे की रस्त्यावर उभं राहून तिच्याकडे बोट दाखवता आलं पाहिजे. "आज मी एकटेपणा शूट करणार" असं ठरवून निघालात तर दोन तास नुसते फिरून याल कारण एकटेपणा कुठे उभा नसतो. रिकामी खुर्ची उभी असते, बंद खिडकीतला एकच दिवा असतो, बाकावर मधे हातभर जागा सोडून बसलेली दोन माणसं असतात. एकटेपणा काय तो फोटो बघणारा शोधून काढेल, तुम्ही खुर्ची शोधा.

मी आत्तापर्यंत घेतलेल्या काही गोष्टी सांगतो, हव्या तर उचला. फक्त हात, म्हणजे सामान धरलेले, मुलाचं बोट धरलेले, बोलताना हवेत गेलेले. फक्त लाल रंग. ज्यांच्या सावल्या त्यांच्यापेक्षा लांब आहेत अशी माणसं. काचेतली प्रतिबिंबं. कशाची तरी वाट बघणारे लोक (हा विषय कधीच संपत नाही, बस स्टॉप आणि सिग्नल दोन्हीकडे मिळतात आणि वाट बघणारा माणूस जागचा हलत नाही, त्यामुळे नवशिक्याला बरं पडतं). एकदा मी फक्त जिन्यांवर गेलो होतो आणि तो सगळ्यात फसलेला दिवस होता, कारण जिने सापडले पण जिन्यांवर काय बघायचं ते ठरवलं नव्हतं.

मग वाटेत दुसरंच काही भारी दिसलं तर? तर काढा की, कोण अडवतंय. फक्त काढून झालं की परत आपल्या हातांकडे नाहीतर लाल रंगाकडे या. एक गोष्ट ठरवली की डोळे काहीतरी शोधत राहतात आणि शोधणाऱ्या डोळ्यांना बाकीचंही जास्त दिसतं. हे असं का होतं मला नीट सांगता येणार नाही, पण होतं.

याच वेळी कॅमेऱ्याचंही ठरवून टाका म्हणजे रस्त्यावर त्यात डोकं जात नाही. एकच लेन्स, २८ किंवा ३५ एमएम. अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र) एफ ८, शटर १/५०० सेकंद (चालणारी माणसं शार्प हवी असतील तर १/२५० च्या खाली शक्यतो जाऊ नका), आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) ऑटो. मॅन्युअल फोकस जमत असेल तर फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (ज्याचा सेन्सर जुन्या ३५ एमएम फिल्मएवढा असतो) ३५ एमएमला एफ ८ वर फोकस ३ मीटरवर लावून सोडून द्या, साधारण १.९ पासून ७ मीटरपर्यंत सगळं कामापुरतं शार्प येतं. २८ एमएमला तर सव्वातीन मीटरच्या आसपास फोकस ठेवला की पावणेदोन मीटरच्या थोडं अलीकडून थेट लांबपर्यंतचं मिटलं. याला झोन फोकसिंग म्हणतात आणि याचा खरा फायदा असा की ऑटोफोकसने चुकून मागची भिंत पकडली की काय ही धाकधूक राहत नाही. फोनवाल्यांना हा प्रश्नच नाही, फोनच्या मुख्य कॅमेऱ्याला तसंही थोड्या अंतरापासून पुढचं बहुतेक सगळं शार्प दिसतं.

नकारांची यादी

ही प्रत्येकाने आपापली करावी. माझी देतो, पटली नाही तर खोडा.

पाठी नाहीत. कारण वर आलंच आहे.

फोनमध्ये डोकं घातलेली माणसं नाहीत. आता रस्त्यावर निम्मी माणसं तशीच असतात हे मान्य, पण एकदा मान खाली गेली की चेहरा गेला, हात एकाच पोझमध्ये, नजर कुठे जातेय त्याचा पत्ता नाही. दहा फोटो काढले तरी एकच फोटो दहा वेळा निघतो.

रस्त्यावर परफॉर्म करणारे कलाकार नाहीत. ते आधीच बघणाऱ्यांसाठी काहीतरी करतायत, त्यांचा फोटो म्हणजे त्यांनी केलेलं काम तुम्ही कॉपी करताय. त्यांच्याकडे बघणारी गर्दी मात्र काढा! तोंड उघडं ठेवून बघणारा मुलगा, कंटाळलेली बायको, पैसे टाकावेत की नाही या विचारात खिशात गेलेला हात. कलाकाराकडे पाठ करून उभं राहायचं, बस्स.

फुटपाथवर झोपलेली, भीक मागणारी, आजारी दिसणारी माणसं नाहीत. इथे मी जरा कडक आहे. असा फोटो काढायला काहीच लागत नाही, तो माणूस उठून विचारणार नाही, आणि ब्लॅक अँड व्हाइट केला की लगेच गंभीर वाटतो. त्यांच्याशी बोलून, वेळ देऊन कोणी काम करत असेल तर ती वेगळी गोष्ट आहे, पण जाता जाता क्लिक करून पुढे जाणं मला पटत नाही. लहान मुलांच्या बाबतीतही आई-बाप जवळ असतील तर नजरेने तरी विचारावं.

मोठ्या जाहिरातीसमोरून किंवा रंगवलेल्या भिंतीसमोरून जाणारा माणूस, असा की चित्रातला हात त्याच्या डोक्यावर आलाय वगैरे, हेही मी आता सोडलंय. सुरुवातीला मजा येते, डोळ्याला सराव होतो, तेव्हा पहिले सहा महिने खुशाल काढा. नंतर ते विनोदासारखं होतं, दुसऱ्यांदा ऐकल्यावर हसू येत नाही.

आधी उजेड, मग माणूस

रस्त्यावर पोचलात. आता चालायला लागायच्या आधी बघा की उजेड कुठून येतोय आणि कुठे पडतोय. दोन इमारतींच्या फटीतून रस्त्यावर उन्हाचा एक पट्टा पडलेला असतो, आजूबाजूला सगळी सावली. हा पट्टा म्हणजे तुमचं स्टेज. एक्स्पोजर उजेडावर घ्या, म्हणजे एक ते दोन स्टॉप खाली (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा), सावलीतला सगळा पसारा काळा होऊन जातो, गाड्या, पाट्या, वायरी सगळं गायब. काय काढायचं यातलं निम्मं काम उन्हानेच करून दिलं. आता त्या पट्ट्यात कोण पाऊल टाकतंय त्याची वाट बघत थांबा.

थांबा म्हणजे किती? मी वीस मिनिटं देतो. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो, त्यामुळे अरुंद पट्टा बघता बघता भिंतीवर चढतो नाहीतर विझतो, तुम्हाला तसंही फार वेळ मिळत नाही. त्या वीस मिनिटांत पन्नास माणसं जातील, त्यातली पंचेचाळीस पट्ट्याच्या कडेने जातील, तीन जण तुम्हाला बघून बिचारी थांबतील की यांचा फोटो होऊ दे. राहिलेल्या दोघांसाठी आपण आलोय.

हाँगकाँगचे फॅन हो ऊन-सावलीच्या अशा फोटोंसाठी प्रसिद्ध आहेत. १९५४ चा त्यांचा एक फोटो खूप फिरतो, मोठ्या पांढऱ्या भिंतीपाशी एक मुलगी उभी आहे आणि भिंतीवर तिरकी काळी सावली तिच्याकडे येतेय. ती सावली त्यांनी डार्करूममध्ये तयार केली होती आणि मुलीला मुद्दाम उभं केलं होतं. हे कळल्यावर मला थोडं वाईट वाटलं आणि बरंच बरं वाटलं, कारण तसली सावली शोधत मी दोन उन्हाळे घालवले होते.

ढग आले की हा खेळ बंद. मग चेहरे बघा, मऊ उजेडात चेहरे छान येतात, किंवा रंग बघा. पाऊस आला तर घरी पळू नका. सॉल लायटरने न्यूयॉर्कमध्ये १९५० च्या दशकात रंगीत फिल्मवर जे फोटो काढले त्यात पाऊस, बर्फ, वाफ धरलेल्या काचा आणि छत्र्या भरपूर आहेत, कितीतरी फोटोंत पाऊण फ्रेम धूसर किंवा काळी आहे आणि उरलेल्या जागेत एक लाल छत्री. ओली काच तुमच्यासाठी नको ते पुसून टाकते. रात्री दुकानाच्या शोकेसचा उजेड हाच दिवा समजा आणि त्याच्यासमोर येणाऱ्यांना पकडा, पुढे गेलं की सगळा अंधार.

एका गोष्टीला दुसरी जोडा

उजेड मिळाला, माणूस आला, तरी फोटो पुष्कळदा "बरा आहे" इथेच अडकतो. टोपी घातलेला माणूस. ठीक आहे, टोपी घातलेला माणूस, पुढे? एकट्या गोष्टीचा फोटो बहुतेक वेळा नोंद होऊन राहतो. दुसरं काहीतरी लागतं जे पहिल्याशी बोलेल किंवा भांडेल.

आंरी कार्तिए-ब्रेसाँचा १९३२ चा पॅरिसमधल्या स्टेशनामागचा फोटो तुम्ही बघितला असेलच, पाण्याच्या डबक्यावरून उडी मारणारा माणूस, टाच पाण्याला टेकायच्या अगदी आधीची. लोक म्हणतात काय टायमिंग आहे, आणि आहेच. पण मागे भिंतीवरच्या पोस्टरकडे बघा, तिथेही एक आकृती उडी मारतेय, उलट्या दिशेला. आणि पाण्यात माणसाचं प्रतिबिंब आहे ते वेगळंच. एकाच फ्रेममध्ये उडी तीन वेळा आहे. नुसता माणूस आणि पाणी असतं तर टायमिंग तेच राहिलं असतं, फोटो एवढा लक्षात राहिला असता का याची मला शंका आहे. (आणि हो, हा फोटो कुंपणाच्या फटीतून काढलेला आणि नंतर क्रॉप केलेला, म्हणजे कडा कापलेला आहे, क्रॉप न करण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या माणसाचा, त्यामुळे क्रॉप केलं म्हणून कोणी नाकं मुरडली तर हा फोटो दाखवा.)

तर करायचं असं की पहिली गोष्ट अशी निवडा जी जागची हलणार नाही. भिंतीवरचा बाण, एखादा पुतळा, तिरका जिना, काचेतला पुतळ्याचा हात. मग मनाशी विचारा की इथे काय आलं तर मजा येईल. बाण उजवीकडे दाखवतोय, तर डावीकडे धावणारं कोणी. पुतळा आकाशाकडे बघतोय, तर त्याच्याकडे ढुंकूनही न बघता बुटाची नाडी बांधणारा कोणी. आता थांबा. बहुतेक वेळा तुमच्या मनातलं येणार नाही, भलतंच येईल आणि ते जास्त चांगलं असेल, पण तुम्ही तिथे कॅमेरा तयार ठेवून उभे असाल हे महत्त्वाचं. मी वर म्हटलेल्या जाहिरातीच्या विनोदाशी हे जवळ जातं हे मला कळतंय, सीमारेषा पातळ आहे, चुका होतात.

उंचीचंही बघा. आपण सगळे उभ्याने, डोळ्यांच्या उंचीवरून काढतो. एलियट अर्विटने कुत्र्यांचे फोटो कुत्र्यांच्या उंचीवरून काढले, १९४६ च्या एका फोटोत छोटुकला चिवावा कुत्रा आणि शेजारी मालकिणीचे फक्त पाय आहेत, बाकी बाई वर कुठेतरी. गुडघ्यावर बसलात की काय सोडायचं याचा निर्णय आपोआप होतो.

बटण दाबताना

इथे विचार करायला वेळ नसतो, म्हणून एकच प्रश्न. हात कॅमेऱ्याकडे कशामुळे गेला? उत्तर एका शब्दात. छत्री. हसू. पिवळा. त्या शब्दाला फ्रेममध्ये जागा द्या, बाकीचं जमेल तेवढं बाहेर काढा. छत्रीसाठी कॅमेरा उचलला आणि फोटोत अर्धं आकाश, दोन स्कूटर आणि एक खांब आला असेल तर तुम्ही लांब उभे आहात, दोन पावलं पुढे जा. झूम नको, पाय वापरा, कारण पुढे गेल्यावर मागचं आणि पुढचं यांचं नातं बदलतं, झूमने ते होत नाही.

एकच काढून थांबू नका. जुन्या नामवंतांच्या कॉन्टॅक्ट शीट (अख्ख्या रोलचे छोटे फोटो एकाच कागदावर) बघायला मिळाल्या तर बघा, एकाच प्रसंगाचे पाच-सात फोटो ओळीने असतात आणि त्यातल्या एकावर खूण. ३६ फोटोंच्या रोलमध्ये त्यांनी सात खर्च केले, तुम्हाला तर कार्डावर फुकट आहे.

भीती आणि आवड यातला फरक

हे मला फार उशिरा कळलं. समोरून एखादा जबरदस्त चेहरा येतोय, कॅमेरा हातात आहे, आणि मी न काढता पुढे जातो आणि स्वतःला सांगतो की नाही रे, तेवढा खास नव्हता, लाइट पण बरोबर नव्हता. खोटं. घाबरलो होतो. आता मी एक टेस्ट लावतो, हाच माणूस पुतळा असता तर मी फोटो काढला असता का? हो असेल तर कारण भीतीचं होतं. नाही असेल तर खरंच आवडला नव्हता, सोडून द्या.

भीतीवर उपाय म्हणजे लोकांच्या मागे न जाता एका जागी उभं राहा आणि लोकांना फ्रेममध्ये येऊ द्या. फोटो काढून झाल्यावर कॅमेरा लगेच खाली घेऊ नका, तसाच डोळ्याला ठेवा, माणसाला वाटतं तो मधे आला होता. नजरानजर झाली तर हसा. कोणी म्हणालं की डिलीट करा, तर हुज्जत न घालता समोर डिलीट करा, कुठलाच फोटो एवढा मोठा नसतो.

कायद्याचं बघून घ्या, कारण देशागणिक वेगळं आहे. जर्मनीत ओळखू येणाऱ्या व्यक्तीचा फोटो प्रसिद्ध करायला साधारणपणे तिची संमती लागते, काही अपवाद आहेत. हंगेरीत २०१४ पासून तर काढायलाच संमती लागते. न्यूयॉर्कमध्ये फिलिप-लोर्का डिकोर्शियाने १९९९ ते २००१ या काळात टाइम्स स्क्वेअरला लपवलेले फ्लॅश लावून अनोळखी लोकांचे चेहरे टिपले, त्यातल्या एकाने कोर्टात खेचलं आणि २००६ मध्ये निकाल फोटोग्राफरच्या बाजूने लागला. म्हणजे एकीकडे चालतं ते दुसरीकडे अंगलट येऊ शकतं.

त्याच रस्त्यावर परत

दर वेळी नवीन जागा शोधू नका. चालत दहा मिनिटांवरचा एक रस्ता घ्या आणि निदान दहा वेळा जा. पहिल्या तीन वेळेत जे सगळ्यांना दिसतं ते काढून संपतं. चौथ्या-पाचव्या वेळी कंटाळा येतो. माझं म्हणणं आहे की खरं काम तिथून सुरू होतं, कारण आता दुपारी चारला कोणत्या खिडकीचा कवडसा समोरच्या भिंतीवर पडतो हे तुम्हाला माहीत आहे. आंद्रे केर्तेश १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअरसमोरच्या घरात राहायला गेला आणि त्याने पुढे कितीतरी वर्षं त्याच खिडकीतून खालच्या बागेचे फोटो काढले. रस्त्यावर उतरायचीही गरज पडली नाही त्याला.

फोटो जुने होऊ द्या

घरी आल्या आल्या निवड करू नका. ज्या फोटोसाठी वीस मिनिटं उन्हात उभे राहिलात तो तुम्हाला चांगलाच वाटणार, घाम आठवतो ना. गॅरी विनोग्रँड तर काढलेले रोल वर्षभर तसेच ठेवायचा म्हणजे काढतानाची भावना विसरून जाईल. १९८४ मध्ये तो गेला तेव्हा सुमारे २,५०० रोल डेव्हलपच झाले नव्हते, तेवढं ताणू नका. दोन आठवडे पुरे.

मग सगळे एकदम लहान थंबनेल करून बघा. बोटाच्या पेराएवढा असतानाही जो फोटो ओळखू येतो तो बाजूला. बाकीचे तूर्तास सोडा. फार कमी उरतील आणि ते बरोबर आहे. रॉबर्ट फ्रँकने १९५५-५६ मध्ये अमेरिकाभर गाडीने फिरून ७६७ रोल काढले, म्हणजे जवळपास २७ हजार फोटो, आणि त्यातून केलेल्या 'द अमेरिकन्स' या पुस्तकात घेतले ८३.

सहा महिन्यांनी बाजूला ठेवलेले सगळे एकत्र मांडा आणि मोजा. छान कोणते ते बघायचं नाहीये, सारखं सारखं काय येतंय ते मोजायचंय. मला वाटायचं की मी चेहऱ्यांचा माणूस आहे. मांडल्यावर दिसलं की निम्म्याहून जास्त फोटोंत दरवाजा आहे, कोणी आत जातंय, कोणी बाहेर येतंय, कोणी अर्धवट उंबऱ्यात. मी एकदाही दरवाजे ठरवून निघालो नव्हतो. तेव्हापासून निघताना ठरवायची एक गोष्ट मी त्या ढिगातून घेतो, बाहेरून आणत नाही.

दरवाज्यांचं फोल्डर सध्या चाळीस फोटोंवर आहे, त्यातले तीन बरे आहेत. सगळ्यात चांगल्या फोटोत एक बाई कुलूप लावून झाल्यावर कडी परत एकदा ओढून बघतेय, आणि ती पाठमोरी आहे.